टीपीएचं रिकव्हरी लेटर आलंय? पैसे परत करण्याआधी हे तपासा

सोलापुरातल्या चार छोट्या नर्सिंग होमचं कॅशलेसचं काम मी बघते. सगळ्यात लहान बारा खाटांचं, सगळ्यात मोठं चाळीसचं. दोन-तीन वर्षांपूर्वी दिलेले पैसे ‘चुकून जास्त गेले’ म्हणून विमा कंपनी किंवा टीपीए (कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था) परत मागते, हे दुखणं वर्षातून दोन-तीनदा तरी माझ्या टेबलावर येतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये जरा जास्तच. दर वेळी डॉक्टर घाबरतात किंवा चिडतात, आणि दोन्ही वेळा पहिल्याच दिवशी चुकीचं काहीतरी करून बसतात. म्हणून माझी तपासणीची पद्धत एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

लक्षणं

पत्र हे सगळ्यात उशिरा दिसणारं लक्षण. त्याआधी बऱ्याचदा बँकेत फरक दिसतो: सेटलमेंट लेटरवर ६२,००० आणि खात्यात आले ४१,०००. अकाउंटंट म्हणतो टीडीएस असेल. टीडीएस एवढा नसतो.

दुसरं लक्षण म्हणजे नेटवर्क मॅनेजरचा गोड फोन. “डॉक्टरसाहेब, ऑडिटमध्ये थोडं एक्सेस निघालंय, मोठं नाही, पुढच्या बिलातून अॅडजस्ट करतो, तुम्ही फक्त ओके म्हणून एक मेल टाका.”

तिसरं, ईमेल. त्यात एक ठोक आकडा, सात दिवसांची मुदत, आणि सोबत एक्सेलची शीट. कधी तीही नाही. चौथं, नव्या पेशंटचे प्रीऑथ (उपचाराआधी कंपनीकडून घ्यायची मंजुरी) विनाकारण अडकायला लागतात. पाचवं, एमओयूच्या (हॉस्पिटल आणि कंपनीमधल्या कराराच्या) नूतनीकरणाच्या वेळी ‘आधी मागचं क्लिअर करा’ असं तोंडी सांगितलं जातं.

पहिलं आणि चौथं एकत्र दिसलं तर वसुली सुरू झालेली आहे असं समजा, पत्र आलेलं असो वा नसो.

तपासायला बसण्याआधी

तीन गोष्टी करू नका. ‘ओके’ म्हणून मेल टाकू नका. ती एक ओळ पुढे तुमची कबुली म्हणून वापरली जाते. फोनवर वाद घालू नका, कारण फोनचा कागद होत नाही. आणि केसपेपरला हात लावू नका. राहिलेली सही आज करणं, नर्सिंग चार्टवर सुटलेली वेळ आज भरणं, हे सगळं आत्ताच्या आत्ता बंद. दोन-तीन हजारांच्या त्रुटीचं रूपांतर बनावट कागदपत्रांच्या आरोपात होताना मी पाहिलंय. सिस्टरनी चांगल्या मनाने, वेगळ्या निळ्या शाईत, चार दिवसांचं टीपीआर (ताप, नाडी, श्वासाच्या नोंदी) भरून ठेवलं होतं. कंपनीकडे त्याच पानाची जुनी स्कॅन कॉपी होती. पैशाचं भांडण तिथेच संपलं आणि दुसरंच सुरू झालं.

तपासणी १: पत्र कोणाचं आणि कुणाला? (दहा मिनिटं, खर्च शून्य)

हसू नका. आपल्याकडे ग्रामदैवताच्या आणि देवस्थानांच्या नावाची हॉस्पिटलं किती आहेत ते आठवा. एकदा बार्शीच्या एका नामसाधर्म्य असलेल्या हॉस्पिटलची आख्खी यादी आमच्याकडे आली होती आणि आमचे डॉक्टर त्यावर दोन दिवस डोकं धरून बसले होते. पत्रावरचा रोहिणी आयडी (विमा व्यवहारासाठीचा हॉस्पिटलचा नोंदणी क्रमांक), पॅन आणि पत्ता तुमचाच आहे का ते पहिल्यांदा बघा. मधल्या काळात मालकी बदलली असेल, प्रोप्रायटरशिपची भागीदारी झाली असेल, तर क्लेम कुठल्या पॅनवर सेटल झाला होता तेही बघा.

मग सही कोणाची ते बघा. टीपीए क्लेमची कागदपत्रं हाताळतो, पण पैसा विमा कंपनीचा असतो. फक्त टीपीएचं पत्र असेल तर विमा कंपनीचं पत्र किंवा वसुलीचा अधिकार दिल्याचा कागद मागा. याचं कारण व्यवहारातलं आहे: कंपन्या टीपीए बदलतात. जुन्या टीपीएला पैसे दिले आणि वर्षाने कंपनीने तेच पुन्हा मागितले, तर तुमच्याकडे दाखवायला काय राहणार?

तपासणी २: एवढे पैसे आले होते का? (अर्धा ते एक दिवस)

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त रक्कम इथेच गळते. काम कंटाळवाणं आहे, म्हणून कोणी करत नाही.

एक्सेलमध्ये क्लेमनिहाय ओळी करा: क्लेम नंबर, दाखल आणि डिस्चार्जची तारीख, मूळ बिल, मंजूर रक्कम, एमओयूची सवलत, इतर कपात, टीडीएस, युटीआर नंबर (बँकेतल्या प्रत्येक ट्रान्सफरचा स्वतंत्र क्रमांक), बँकेत जमा झालेली रक्कम, आणि शेवटच्या रकान्यात ते आता किती मागतात. त्यांच्या शीटमधला प्रत्येक क्लेम तुमच्या बँक स्टेटमेंटमधल्या युटीआरला जोडता आला पाहिजे. जो जुळत नाही त्याचा युटीआर त्यांच्याकडे मागा.

हे का, ते एका उदाहरणावरून सांगते. हर्नियाच्या एका क्लेमवर १८,४०० रुपये मागितले होते; म्हणणं असं की मेश (हर्नियाला लावायची जाळी) ठरलेल्या दरापेक्षा महाग लावली. मी जुनं सेटलमेंट लेटर काढलं. त्यात ‘मेश – दरापेक्षा जास्त – कपात १८,४००’ अशी ओळ आधीच होती. म्हणजे पैसे तेव्हाच कापून मग बिल दिलं होतं. ऑडिट करणाऱ्याने प्रीऑथला मंजूर झालेली रक्कम धरली होती, आणि खरं पेमेंट त्यापेक्षा कमी होतं. त्याच शीटमध्ये असे आणखी चार क्लेम निघाले. एकदा ही चूक सापडली की शीटमधल्या प्रत्येक ओळीवर ती शोधायची, कारण शीट एकाच माणसाने एकाच सूत्राने केलेली असते.

दुसरी नेहमीची चूक डायलिसिसची. आठवड्यातून दोनदा येणारा पेशंट, तेच नाव, तेच निदान, तीच रक्कम. कॉम्प्युटरला ते ‘डुप्लिकेट क्लेम’ वाटतात. एका यादीत अकरा सेशन दुबार म्हणून लाल केले होते. डायलिसिसचं रजिस्टर, मशीन नंबर आणि सुरू-बंदच्या वेळा असलेली पानं जोडली, तेव्हा कुठे ती ओळ गेली. विडी कामगार आणि यंत्रमाग कामगारांच्या घरात दोन भावांची नावं जवळपास सारखी असतात, आडनाव तेलुगू, आधारवर एक स्पेलिंग आणि पॉलिसीवर दुसरं. तिथेही हाच घोटाळा होतो. जन्मतारीख आणि आयपीडी नंबर शेजारीशेजारी लावून दाखवा.

आता टीडीएस. इथे डॉक्टर हमखास चुकीच्या मुद्द्यावर भांडतात. मंजूर झाले १,००,०००, दहा टक्के टीडीएस कापून खात्यात आले ९०,०००, आणि मागणी आली १,००,००० ची. “मला नव्वदच मिळाले!” हे बरोबर वाटतं, पण ते दहा हजार तुमच्या पॅनवर जमा झालेत आणि रिटर्नमध्ये तुम्ही ते घेतलेतही. हा मुद्दा पत्रात लिहू नका. लिहिलात तर बाकीच्या खऱ्या मुद्द्यांचं वजन कमी होतं. मात्र ज्या वर्षीचं उत्पन्न परत द्यायचंय ते हिशेबात कसं दाखवायचं, हे पैसे देण्याआधी सीएंना विचारा. आणि कंपनीने नव्या बिलातून वसुली कापली असेल तर टीडीएस पूर्ण बिलावर लागलेला असतो. ते २६एएसशी (पॅनवर जमा टीडीएसच्या विवरणाशी) जुळवून घेतलं नाही तर वर्षाअखेर मेळ लागत नाही.

तपासणी ३: एमओयू आणि टॅरिफ (एक दिवस, त्यातला निम्मा फाइल शोधण्यात)

“मॅडम, एमओयू गावंना बघा,” हे वाक्य मी प्रत्येक हॉस्पिटलमध्ये ऐकलंय. सापडत नसेल तर कंपनीकडेच सही झालेली प्रत आणि टॅरिफची (ठरलेल्या दरांची) जोडपत्रं मागा. आधारासाठी ते ज्या कराराकडे बोट दाखवतात त्याची प्रत त्यांनी द्यायलाच हवी.

एमओयूत चार ठिकाणी खूण करा. ऑडिटचा हक्क कुठे लिहिलाय आणि किती मागे जाऊन? वसुलीआधी नोटीस किती दिवसांची? पुढच्या बिलातून परस्पर कापून घेण्याची मुभा आहे का? वाद झाला तर लवाद आहे का, आणि कुठल्या शहरात?

परस्पर कपातीचं कलम नसेल तर तुमची बाजू बरीच भक्कम. असेल, तर त्यात ‘दोन्ही पक्षांच्या मेळानंतर’ किंवा ‘लेखी नोटिशीनंतर’ अशी अट बहुतेक असते, आणि नेमकी तीच पाळलेली नसते. तीच अट तुमच्या पत्रात शब्दशः उतरवा.

टॅरिफच्या तारखेवरही लक्ष ठेवा. दर १ एप्रिलला बदलले, पेशंट २९ मार्चला दाखल झाला आणि ३ एप्रिलला गेला, तर कुठला दर? आमच्या एमओयूत दाखल होण्याच्या तारखेचा होता. ऑडिटवाल्याने डिस्चार्जच्या तारखेचा धरला होता. दोन्ही दरांत खोलीमागे तीनशे रुपयांचाच फरक, पण यादी पंचवीस पेशंटची.

आणि इथेच आपल्या चुकाही सापडतात. पॅकेजमध्ये ओटी, सर्जन, भूल सगळं धरलेलं असताना भूलतज्ज्ञाचं बिल वेगळं लावलं असेल, तर ती चूक आपली. सरकारी विमा कंपन्यांच्या पीपीएन (ठरलेल्या दरांच्या हॉस्पिटल नेटवर्कच्या) पॅकेजमध्ये हे फार होतं, कारण बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पॅकेज टाकलेलं नसतं आणि रात्रपाळीचा मुलगा नेहमीसारखं बिल काढतो. विमा नियामकाने ठरवलेल्या न देय वस्तूंच्या याद्या आहेत. काही वस्तू खोलीभाड्यात धरायच्या, काही शस्त्रक्रियेच्या खर्चात. त्यातलं काही वेगळं लावलेलं असेल तर मान्य करा. चुकून मिळालेले पैसे परत करावे लागतात हे १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७२ मध्येच आहे. मी जेव्हा यादीतल्या पाच ओळी स्वतःहून मान्य करते, तेव्हा उरलेल्या तीस ओळींवरचं माझं म्हणणं समोरचा नीट वाचतो.

तपासणी ४: कारण पॉलिसीचं की हॉस्पिटलचं?

यादीत ‘कारण’ असा रकाना असेल तर त्यातल्या प्रत्येक ओळीसमोर ‘प’ किंवा ‘ह’ लिहा. रकाना नसेल तर कारणं मागा, त्याशिवाय पुढे जाऊच नका.

‘ह’ म्हणजे हॉस्पिटलचं कारण: दर, पॅकेज, न केलेली तपासणी, जास्त लावलेले आयसीयूचे दिवस. ‘प’ म्हणजे पॉलिसीचं कारण: पेशंटला आधीपासून शुगर होती आणि त्याने फॉर्मवर लिहिलं नव्हतं, वेटिंग पीरियड संपला नव्हता, हप्त्याचा चेक परत गेला होता, पॉलिसी नंतर रद्द केली. हे कंपनी आणि पॉलिसीधारक यांच्यातलं प्रकरण. तुम्ही प्रीऑथ पाठवलं, कंपनीच्या डॉक्टरने क्वेरी काढली, तुम्ही उत्तर दिलं, कंपनीने मंजुरी दिली. त्या मंजुरीवर विसंबून तुम्ही पेशंटकडून पैसे न घेता त्याला घरी सोडलं. आता अडीच वर्षांनी तो पेशंट तुमच्या हाती लागणार आहे का? वकील याला इस्टॉपेल म्हणतात. मी पत्रात साध्या शब्दांत लिहिते की मंजुरी क्रमांक अमुक, तारीख तमुक, यावर विसंबून पेशंटकडून रक्कम घेतली नाही.

एक अट आहे. तुमच्या डिस्चार्ज समरीत ‘शुगर दहा वर्षांपासून’ आणि प्रीऑथच्या फॉर्मवर ‘शुगर नाही’ असं असेल, तर ‘प’ लगेच ‘ह’ होतो. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा. हे काम रेसिडेंट डॉक्टरवर टाकू नका, ज्यांच्या नावावर पेशंट होता त्या डॉक्टरांनीच वाचावं.

पेशंटकडे फोन करून ‘कंपनी परत मागतेय, तुम्ही भरा’ असं सांगणंही टाळा. बऱ्याच एमओयूत कॅशलेस पेशंटकडून मंजुरीबाहेर पैसे घ्यायला मनाई असते, आणि त्या एका फोनवरून उलट तुमच्यावरच तक्रार होते.

तपासणी ५: तारखा

१९६३ च्या मुदत कायद्यानुसार पैसे परत मिळवण्याच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. त्यामुळे तीन वर्षांपूर्वीचे क्लेम यादीत असतील तर त्यांना वेगळा रंग द्या. पण यावर फार उड्या मारू नका, दोन कारणांनी. एक, फसवणूक किंवा चूक असेल तर ती लक्षात आल्यापासून मुदत मोजायची सोय त्याच कायद्याच्या कलम १७ मध्ये आहे. म्हणूनच काही पत्रांत ‘फ्रॉड’ हा शब्द सहज पेरलेला असतो. त्यावर तुमचं म्हणणं असं असावं की सगळी कागदपत्रं सेटलमेंटच्या वेळीच कंपनीच्या हातात होती, तेव्हाच कळायला हवं होतं. दोन, मुदत संपली की कोर्टात दावा अडतो, पण तुमच्या चालू बिलातून कापून घेणारा हात त्याने आपोआप अडत नाही. त्यासाठी तपासणी ३ मधलं कलम लागतं.

केसपेपर किती वर्षं ठेवायचे? वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षं म्हटलंय. मी कॅशलेसची फाइल त्याच्या दुप्पट ठेवायला सांगते. माळ्यावर जागा नाही म्हणतात, स्कॅन करा. सोलापूरच्या उन्हात माळ्यावरचा थर्मल पेपर दोन उन्हाळ्यांत कोरा होतो, आणि ईसीजी नेमका त्याच कागदावर असतो.

तपासणी ६: केसपेपर (सगळ्यात वेळखाऊ)

आता उरतात त्या ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नव्हतं’ या ओळी. इथे बिलिंगवाल्याने एकट्याने उत्तर लिहू नये. डॉक्टरांना सोबत बसवा, संध्याकाळची ओपीडी संपल्यावर, चहा मागवून, फाइलवर फाइल.

ऑगस्टमधली डेंग्यूची एक फाइल सांगते. पेशंट अठ्ठावीस वर्षांचा, पाच दिवस दाखल. शेरा: ‘प्लेटलेट १.१ लाख, दाखल करण्याची गरज नव्हती, ओपीडीत उपचार शक्य.’ मागणी पूर्ण बिलाची. डॉक्टर उसळले, “याला काय कळतं!” मी म्हटलं, सर, आधी रिपोर्टवरची तारीख बघू. १.१ लाख हा पाचव्या दिवसाचा, डिस्चार्जच्या सकाळचा आकडा होता. दाखल केलं त्या रात्रीचा रिपोर्ट ३८,००० चा. पण तेवढ्यावर थांबायचं नाही, कारण फक्त प्लेटलेट कमी म्हणून दाखल करणं हे उत्तरही कच्चं आहे. डेंग्यूत जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली धोक्याची चिन्हं असतात: पोटात दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, कुठून तरी रक्त येणं, सुस्ती, यकृताला सूज, प्लेटलेट झपाट्याने उतरत असताना हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) चढणं. ती केसपेपरवर होती का? होती. दाखल करतानाच्या नोंदीत डॉक्टरांच्या गिचमिड अक्षरात ‘उलट्या सहा वेळा, पोटात दुखतं’, नर्सिंग चार्टवर रात्री अडीचला बीपी ९०/६०, आणि हिमॅटोक्रिट ४१ वरून ४७. या चार नोंदींचं एक पान केलं, तारीख आणि वेळेसह, प्रत्येकीसमोर केसपेपरचा पान नंबर. ती ओळ पूर्ण मागे घेतली गेली.

आकडा वेळेसकट द्या, चिन्ह द्या, पान नंबर द्या. ‘क्लिनिकल जजमेंट’ असं नुसतं लिहून पाठवलेलं उत्तर मी आजवर एकदाही यशस्वी होताना पाहिलेलं नाही.

दर सहा पेशंटमागे एका फाइलमध्ये काहीच सापडत नाही. नोंद नाही, चार्ट कोरा, डॉक्टरांना पेशंट आठवतो पण कागद बोलत नाही. ती ओळ सोडून द्या.

इम्प्लांटचा स्टिकर आणि इनव्हॉइस, आयसीयूचे तासाचे चार्ट, रक्त चढवल्याचा बॅग नंबर, हे तिन्ही नसतील तर मागणी टिकते. असतील तर पडते. फार लिहिण्यासारखं काही नाही त्यात.

तपासणी ७: नमुन्यावरून गुणाकार

हा प्रकार वेगळा ओळखा. वीस फाइली तपासल्या, चारमध्ये चूक निघाली, म्हणून वर्षभराच्या तीनशे क्लेमच्या वीस टक्के परत द्या! एमओयूत असा हिशेब मान्य केलेला नसेल तर एका ओळीत नकार द्या: क्लेमनिहाय यादी, प्रत्येकाचं कारण, प्रत्येकाचा युटीआर, याशिवाय रक्कम मान्य नाही. आणि त्या वीस फाइली कशा निवडल्या तेही विचारा. पावसाळ्यातल्या तापाच्या वीस फाइलींवरून वर्षभराच्या सिझेरियनचा हिशेब करायचा नसतो.

उत्तर कसं पाठवायचं

मुदतीच्या आत. तयारी झाली नसेल तर मुदतीत एक छोटं पत्र पाठवा: मागणी मान्य नाही, आमचे सर्व हक्क राखून हे उत्तर देत आहोत, अमुक कागदपत्रं मिळाल्यावर तीस दिवसांत सविस्तर उत्तर देऊ, तोपर्यंत कोणत्याही बिलातून कपात करू नये. शेवटचं वाक्य विसरू नका.

सविस्तर उत्तराला तीन याद्या: मान्य, अमान्य, माहिती अपुरी. मान्य रक्कम असेल तर ती क्लेम नंबर लिहून तुम्ही स्वतः एनईएफटीने भरा, किंवा कुठल्या एका बिलातून कापायची ते लेखी ठरवा. ‘तुम्हीच कापून घ्या’ म्हटलं की काय कशात गेलं ते पुन्हा सापडत नाही. ईमेल टीपीएला आणि विमा कंपनीच्या विभागीय कार्यालयाला, आणि छापील प्रत पोचपावतीसह स्पीड पोस्टाने. पेशंटचे रिपोर्ट मेलवर उघडे टाकू नका. फाइलला पासवर्ड लावा आणि वादाला लागतील तेवढीच पानं द्या.

शक्य असेल तर समोरासमोर बसून मेळ घाला. आम्ही सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जातो, सोबत एक्सेल आणि डेंग्यूसारख्या चार-पाच फाइलींच्या झेरॉक्स. दोन तासांत जे मिटतं ते तीन महिन्यांच्या मेलवर मिटत नाही. फक्त उठण्याआधी मिनिट्स लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. डॉक्टरांना नेऊ नका, ते तापतात.

दाद कुठे मागता येते, कुठे नाही

विमा लोकपाल पॉलिसीधारकांसाठी आहे. पुण्याच्या कार्यालयाकडे सोलापूर येतं खरं, पण हॉस्पिटल स्वतःच्या पैशासाठी तिथे जाऊ शकत नाही. नियामकाचं तक्रार पोर्टलही पॉलिसीधारकांचंच. तिथे महिने घालवणारे डॉक्टर मी पाहिलेत. आयएमएच्या (डॉक्टरांच्या संघटनेच्या) शाखेला कळवा. एकाच कंपनीच्या एकाच सूत्राच्या याद्या पाच हॉस्पिटलांना आल्या असतील तर ते तिथेच कळतं.

हॉस्पिटल उद्यम नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर अडकवलेल्या बिलांसाठी २००६ च्या एमएसएमई कायद्याखाली ऑनलाइन अर्ज करण्याचा मार्ग आहे. ४५ दिवसांची मर्यादा आणि बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, हे ऐकायला फार छान वाटतं. पण कंपनी म्हणते, सेवा पेशंटला दिली, आम्ही खरेदीदार नाही. करारावेळी नोंदणी होती का, यावरही वाद होतो. अर्जाआधी वकिलाला विचारा.

सरकारी योजनेचं प्रकरण पूर्ण वेगळं. सोलापूर तर २ जुलै २०१२ ला सुरू झालेल्या जीवनदायी योजनेच्या पहिल्या आठ जिल्ह्यांत होतं, त्यामुळे इथली जुनी हॉस्पिटलं हे पाणी प्यालेली आहेत. आता ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे आणि आयुष्मान भारतला जोडलेली आहे. तिथे वसुलीसोबत दंड आणि निलंबनही येतं, आणि दाद जिल्हा तक्रार निवारण समितीकडून वर राज्य समितीकडे जाते. आदेश हातात पडला की अपिलाची मुदत त्यातच शोधा आणि कॅलेंडरवर लिहा. वर सांगितलेला युटीआरचा आणि केसपेपरचा भाग तिथेही तसाच लागू पडतो. एमओयूचा मसुदा मात्र सरकारचा, त्यात घासाघीस नाही.

इथे थांबा, वकील गाठा

पुढचं काही दिसलं तर मी स्वतः हात वर करते आणि डॉक्टरांना वकिलाकडे पाठवते.

पत्रात फसवणूक, बनावट कागद, पोलीस, एफआयआर किंवा वैद्यक परिषद यांपैकी एक शब्द आला. पॅनेलवरून निलंबनाची किंवा काढून टाकण्याची कारणे दाखवा नोटीस आली. तुमच्याच माणसाने खरोखर काही गडबड केलेली फाइलमध्ये सापडली. अशा वेळी कंपनीला काहीही लिहिण्याआधी वकील, मग डॉक्टर, मग बाकी सगळे. परस्पर कपात इतकी झाली की पगार आणि औषधांची बिलं अडली. तेव्हा लवादाआधी कोर्टाकडून तात्पुरती मनाई मागण्याची सोय १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम ९ मध्ये आहे, पण ते घरी बसून करायचं काम नाही.

आणि लवादाची नोटीस. त्याच कायद्याच्या कलम २१ खालची नोटीस साध्या पत्रासारखीच दिसते, म्हणून ती रिकव्हरीच्या फाइलला लागून पडून राहते. त्यात बऱ्याचदा कंपनीने स्वतःच लवाद नेमल्याचं लिहिलेलं असतं. निकालात ज्याचा स्वार्थ आहे त्याने एकतर्फी एकमेव लवाद नेमू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात सांगितलंय. पण हरकत वेळेत आणि लेखी घ्यावी लागते. नोटीस आल्याच्या आठवड्यात वकिलाच्या टेबलावर गेली पाहिजे.

सीए तर मान्य रक्कम एका आर्थिक वर्षातून दुसऱ्यात जात असेल तर लगेच गाठा, वकिलाची वाट न बघता.

वकिलाकडे जाताना तपासणी २ ची एक्सेल, एमओयू, सगळी मंजुरीपत्रं आणि आलेल्या-गेलेल्या मेलच्या तारीखवार प्रिंट न्या. केसपेपरच्या झेरॉक्सच. मूळ फाइली कपाटात, कपाटाला कुलूप, आणि किल्ली रेकॉर्डवाल्या मावशींकडे. निळ्या शाईची गोष्ट त्यांनाही एकदा सांगून ठेवा.